पायलटचा करार आणि वेल्डरचा पगार

लग्नाच्या मांडवात असो की थर्मल कॉलनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, अमक्याचा मुलगा आखातात लागला अशी बातमी निघाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पगार किती? उत्तर एका आकड्यात मिळते. मग ऐकणारा प्रत्येक जण मनातल्या मनात त्या आकड्याला रुपयाच्या भावाने गुणतो, आपल्या पगाराशी ताडून पाहतो आणि सुस्कारा टाकतो. गुणाकार सगळे करतात. वजाबाकी करणारा मात्र आम्हाला क्वचितच भेटला. आम्ही पडलो कारकून. जमा आणि खर्च या दोन रकान्यांत आमची वीस वर्षे गेली. नुसता जमेचा रकाना दाखवून कोणी शिल्लक सांगू लागला, तर आमचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

या विषयाला निमित्त झाला एक पायलट. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातला हा मुलगा विमान चालवतो. आपल्या समाजात अशी उदाहरणे अजून थोडी आहेत, म्हणून त्याचे कौतुक सर्वांनाच. दोन वर्षांपूर्वी त्याला आखातातल्या एका विमान कंपनीचे बोलावणे आले. पगाराचा आकडा ऐकून त्याच्या नातेवाइकांनी पेढे वाटायची तयारी केली. मुलगा मात्र वही घेऊन बसला. दोन पाने भरून प्रश्न त्याने लिहून काढले होते. त्यातले निम्मे प्रश्न पगाराचे नव्हतेच.

राहायला कंपनीचे घर मिळणार की घरभाडे भत्ता? त्याचा हा पहिला प्रश्न. दुबईत घरभाडे वर्षाचे ठरते आणि पुढच्या तारखांचे एक, दोन किंवा चार चेक आधीच द्यावे लागतात. भत्ता महिन्याला येणार आणि भाडे आगाऊ जाणार, मग पहिल्या वर्षाची रक्कम आणायची कुठून? दुसरा प्रश्न मुलांच्या शाळेचा. कंपनी फी देणार ती किती मुलांची आणि कितवीपर्यंत? आपल्या सीबीएसईच्या शाळेची फी आणि इंग्रजांच्या अभ्यासक्रमाच्या शाळेची फी यांत फार मोठे अंतर आहे. तिसरा, वर्षाला घरच्या किती माणसांची तिकिटे? चौथा, नव्या जातीचे विमान शिकवण्याचा खर्च कंपनी करते, पण अमुक वर्षांच्या आत सोडले तर तो परत मागते. ती रक्कम किती? आणि पाचवा प्रश्न आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटला. उद्या डोळ्यांत, कानांत किंवा हृदयात काही निघाले आणि वैद्यकीय तपासणीत नापास झालो, तर उडता येणार नाही. त्या दिवसापासून घर कशावर चालायचे? वैमानिकाचे लायसन्स हीच त्याची शेती. तिचा विमा आहे की नाही?

या मुलाच्या डोक्यावर कर्ज होते, हेही सांगितले पाहिजे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान २०० तासांचे उड्डाण लागते. आज हे शिक्षण ४५-५० लाखांच्या घरात जाते आणि एखाद्या ठरावीक जातीच्या विमानाचे प्रशिक्षण त्याहून वेगळे. रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. तिथे अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत, पण राखीव जागा म्हणजे फी माफ नव्हे. बाहेर जायचे म्हटले तरी आजच्या आज जाता येत नाही. २०१७ पासून आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे की कॅप्टनने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची नोटीस द्यायची. तेवढा काळ इकडचाच पगार.

आता कर. अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. इकडे मोठ्या पगाराचा तिसरा हिस्सा करात जातो. तेव्हा तुलना करायची ती कर वजा जाता हातात पडणाऱ्या रकमेची. इथे परदेशाचे पारडे खाली बसते यात शंका नाही. पण इकडे दरमहा भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि मालकही त्यात भर घालतो, तिकडे तसे काही नाही. त्याऐवजी नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी : पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. हा पगार म्हणजे मूळ पगार, भत्ते धरून नव्हे. म्हणून एकूण आकडा तोच असला तरी त्यातले मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे पाहायचे असते. ही गोष्ट आमच्यासारख्या कारकुनाला सांगावी लागत नाही. आमची महागाई भत्त्याची लढाई त्यावरच चालते!

आणि नोकरी गेली तर? परदेशात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर बिऱ्हाड उचला. मुलांची शाळा अर्ध्यावर राहते. विमानाचा धंदा किती भरवशाचा आहे ते आपण पाहिलेच. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ ला उडाले, तेव्हा तिच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. २०२० च्या कोरोनात एमिरेट्ससारख्या बलाढ्य कंपनीनेही शेकडो वैमानिकांना घरी पाठवले. आपल्याकडच्या कंपन्यांनी तर आधी परदेशी वैमानिकांनाच निरोप दिला. परक्या मुलखात माणूस सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत आधी जातो.

इतकी वजाबाकी केल्यावर त्या मुलाच्या हाती फरक उरला, पण तो जाहिरातीतल्या फरकाच्या निम्मासुद्धा नव्हता. तो गेला का? गेला. भत्ता न घेता कंपनीचे घर घेऊन गेला आणि कर्जाचे हप्ते किती वर्षांत फिटणार ते बापाला कागदावर लिहून देऊन गेला.

पायलटची एवढी कथा सांगितली ती आमच्या परळीच्या पोरांसाठी. इथला मुलगा आयटीआय करतो. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होतो. त्याच्या बापाच्या पिढीला थर्मलचा आधार होता. १९७१ पासून इथे वीज तयार होऊ लागली आणि कायम नोकरी नसली तरी कंत्राटदाराकडे हजेरी लागत होती. पुढे जुने संच एकेक करून मोडीत निघाले. २०१३ च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून अख्खे केंद्र बंद पडले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. त्या दोन वर्षांत हाताला कसब असलेली कितीतरी पोरे पुणे, चाकण, गुजरात अशी पांगली आणि काहींनी पासपोर्ट काढले. त्यांना आम्ही दोष देत नाही. पोट माणसाला बाहेर काढते आणि गेलेच पाहिजे. मात्र पायलट जाण्याआधी जे विचारतो, ते आमचा वेल्डर विचारत नाही. तो एकच आकडा ऐकतो आणि एजंटाला पैसे देतो.

चला, एका वेल्डरचा हिशेब मांडू. समजा, सौदी अरेबियात महिना १,५०० रियाल पगार, दोन वर्षांचा करार, राहणे कंपनीचे आणि जेवण स्वतःचे. रियालचा भाव १९८६ पासून डॉलरला ३.७५ असा बांधलेला आहे. डॉलर हिशेबापुरता ८५ रुपये धरू. २०२४ च्या डिसेंबरात त्याने ती पायरी ओलांडली. म्हणजे रियाल पडला २२ रुपये ६७ पैशांना आणि पगार झाला ३४,००० रुपये. गावात बातमी जाते ती या ३४ हजारांची.

आता खर्च. स्वतः रांधून खाल्ले तरी जेवणाला ४०० रियाल धरा. फोन, साबण, दाढी, औषध, एखादा चहा यांना १५०. सौदीत विक्रीकर २०१८ मध्ये ५ टक्के लागला, तो जुलै २०२० पासून १५ टक्के झाला, तेव्हा स्वस्ताई समजू नका. उरले ९५० रियाल, म्हणजे साडेएकवीस हजार. दोन वर्षांचे सुमारे ५ लाख १७ हजार.

पण एजंटाला दिलेले पैसे राहिलेच. समजा १ लाख २० हजार दिले आणि ते तीन रुपये शेकड्याने उचलले. महिना १२ हजार मुद्दल फेडत गेला तर दहा महिने लागतात आणि व्याज होते १९,८०० रुपये. हे १ लाख ४० हजार वजा केले की उरतात ३ लाख ७७ हजार. महिन्याला पडले पंधरा हजार सातशे. चौतीस हजारांचे हे असे झाले, आणि यात आजारपण, बिनकामाचे दिवस किंवा उशिरा होणारा पगार धरलेला नाही. ओव्हरटाइम मिळाला तर आकडा वाढेल, पण जो करारात लिहिलेला नाही तो जमेत धरू नये.

इकडे परळीत तोच मुलगा कंत्राटदाराकडे तेरा हजारांवर असेल, तर स्वतःचा खर्च जाऊन त्याच्याकडे नऊ-साडेनऊ हजार राहतात. शिवाय पीएफ कापला जात असेल तर तो वेगळा. म्हणजे घर, बायको, लेकरे सोडून दोन वर्षे वाळवंटात राहिल्याचा खरा मोबदला महिना सहा हजार. हे थोडे आहेत असे आम्ही म्हणत नाही. दोन वर्षांत दीड लाख ही रक्कम ज्याच्या घरावर पत्रा नाही त्याला मोठी आहे. पण निर्णय सहा हजारांवर करायचा, चौतीस हजारांवर नव्हे.

आता हाच हिशेब कायद्याप्रमाणे करून पाहा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, असे ३५,४०० रुपयेच घेता येतात आणि त्याची पावती द्यावी लागते. सौदीच्या कामगार कायद्यात तर भरतीचा आणि इकाम्याचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, खर्च मालकावर टाकला आहे. ३५,४०० च्या हिशेबाने कर्ज तीन महिन्यांत फिटते, व्याज जेमतेम दोन हजार लागते आणि हातात महिन्याला जवळपास वीस हजार राहतात. मोबदला सहा हजारांचा साडेदहा हजार झाला. पगार एक रियालनेही वाढलेला नाही, फक्त एजंटाची रक्कम बदलली. आमच्या मते सगळी मेख इथे आहे.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे नवे वाटायला नको. आपल्याकडे ऊसतोडीचा कोयता मुकादमाकडून उचल घेतो आणि मग हंगामभर ती फेडत राहतो. उचल आधी खर्च होते, काम नंतर होते आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. उचल घेतलेल्या माणसाला भाव करता येत नाही. एजंटाचे पैसे सावकाराकडून आणून विमानात बसलेला वेल्डर असाच बांधलेला असतो. तिथे गेल्यावर काम वेगळे निघाले, पगार कमी निघाला, तरी तो परत फिरू शकत नाही, कारण शेकडा तीन रुपये परळीत चालूच असतात. पायलटच्या प्रशिक्षणाचा करारही म्हटले तर उचलच, पण ती किती आणि केव्हा फिटते हे त्याच्या कागदावर लिहिलेले असते.

कायद्याची एक गंमत सांगतो, जी गमतीची नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे जो दहावी झालेला नाही, त्याला आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. त्यासाठी त्याचा करार तपासला जातो, विमा सक्तीचा असतो : दहा लाखांचे संरक्षण, दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता. दहावी पास झालेल्याला ही परवानगी लागत नाही. का, तर तो शिकलेला आहे, आपले हित तो पाहील. आमचा आयटीआयवाला दहावी पास असतो. म्हणजे त्याचा करार सरकार वाचत नाही, तो स्वतः वाचत नाही, कारण कागद इंग्रजी-अरबीत असतो, आणि बाप अंगठा नाही तर सही करून कर्जाला जामीन राहतो. शिकल्यामुळे माणूस उघडा पडावा असा हा प्रकार आहे. निदान एजंट नोंदणीकृत आहे की नाही एवढे तरी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आणि व्हिजिट व्हिसावर कोणी नोकरीला नेत असेल तर तो दरवाजातूनच परत पाठवावा.

‘राहणे फुकट’ या दोन शब्दांबद्दलही विचारले पाहिजे. कुवेतमध्ये मंगफ येथे १२ जून २०२४ च्या पहाटे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतले बरेच केरळचे होते. त्यांचेही राहणे कंपनीचेच होते. एका खोलीत किती माणसे, स्वयंपाक कुठे, बाहेर पडायला वाटा किती, हे तिथे आधी गेलेल्या माणसाला फोन करून विचारता येते. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल आहे, आणि मालक जेवण व जागा देत नसेल तर वर ३०० आणि ५०० द्यायचे. तिथल्या कायद्यानेच जागेची आणि जेवणाची किंमत अशी वेगळी काढून दाखवली आहे. आपणही ती वेगळी काढावी.

काही जण म्हणतात, रुपया घसरतो आहे, म्हणजे बाहेर कमावणाऱ्याची चंगळ. अर्धे खरे आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात डॉलर ६० च्या आसपास होता तेव्हा याच १,५०० रियालचे २४,००० रुपये झाले असते, डॉलर ८५ धरला तर ३४,००० होतात. पण त्या वेळची सिमेंटची गोणी, वाळूचा ट्रक, लेकराच्या शाळेची फी आठवा. रुपये वाढले, घर तेवढेच बांधून होते, कदाचित एक खोली कमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी चलनाशी असलेला दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातल्या बाजारात रुपयाने काय विकत मिळते ते स्थिर राहणे महत्त्वाचे, असे त्यांचे त्यात प्रतिपादन आहे. हे लिहिणारा माणूस स्वतः परदेशात काटकसरीने राहिलेला होता. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंडांची आणि घरच्यांची चिंता त्याच पैशांत करायची होती. पगाराची किंमत आकड्यात नसते हे त्यांना पुस्तकातूनच कळले असेल असे आम्हाला वाटत नाही.

आता घरातल्या बाजूकडे वळू, कारण हे पान भगिनीही वाचतात. कुटुंब बरोबर न्यायचे असेल तर हिशेब साफ पालटतो. सौदीने जुलै २०१७ पासून सोबत आणलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल शुल्क लावले आणि दर वर्षी शंभराने वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेले. बायको आणि दोन लेकरे म्हणजे महिना १,२००, वर्षाला १४,४०० रियाल; रुपयांत सव्वातीन लाखांच्या वर. वेल्डरने हे मनातही आणू नये. सुपरवायझर, इंजिनिअर यांनीही आधी गुणाकार करून पाहावा. अमिरातीत कुटुंब बोलवायला किमान पगाराची अट आहे : ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायला जागा.

कुटुंब इकडेच राहिले तर पैसे कोणाच्या खात्यावर येणार, हे जाण्याआधी ठरले पाहिजे. आम्ही पाहिलेल्या चार घरांपैकी तीन घरांत पैसे थोरल्या भावाच्या किंवा सासऱ्यांच्या खात्यावर येत होते आणि ज्याच्या घामाचे ते पैसे, त्याची बायको गॅसच्या टाकीसाठी हात पसरत होती. एका बहिणीने तर नवऱ्याने काय कमावले ते त्याच्या फोनवरून नव्हे, दिराने घेतलेल्या मोटारसायकलवरून ओळखले. बायकोच्या नावाचे खाते असावे, पासबुक तिच्याकडे असावे, कर्जाचा हप्ता तिने स्वतः जाऊन भरावा आणि सावकाराच्या वहीत तो मांडून घ्यावा. करारपत्राची, पासपोर्टची, विम्याची झेरॉक्स तिच्या ट्रंकेत असावी. नवऱ्याला तिकडे काही झाले तर कंपनीचे नाव कागदावर दाखवता आले पाहिजे. ‘कुवेतला कुठेतरी’ एवढ्यावर दूतावासही काही करू शकत नाही.

युरोपचा विषय जाता जाता. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग केलेल्या मुलींच्या घरी जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी सुरू आहे. ही वाट आखातापेक्षा चांगली असू शकते, कारण तिथे पेन्शन आणि आजारपणाचा विमा पगारातच असतो. पण तो पगारातूनच कापला जातो, करही कापला जातो. सांगितलेल्या आकड्यातून बराच भाग आधीच जातो. म्हणून तिथे विचारायचे ते ‘कापून हातात किती’ हेच.

परळी आणि आसपासच्या गावांतल्या ज्या तरुणांच्या हातात असे करारपत्र आले असेल, त्यांनी पैसे देण्याआधी त्याची झेरॉक्स घेऊन यावे. इंग्रजी आम्ही वाचून देऊ. अरबीसाठी आखातात दहा वर्षे काढून आलेले एक गृहस्थ आमच्या मदतीला आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही विहाराच्या वाचनालयात बसतो. येताना आई किंवा बायकोला सोबत आणावे, आणि एजंटाने पावती दिली असेल तर तीही आणावी.